राइडचं आगाऊ बुकिंग: लोक नेमके कशावर चिडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमच्या पार्कात पुढच्या हंगामापासून पाच मोठ्या राइड्सची वेळ घरबसल्या राखून ठेवता येणार आहे. बातमी बाहेर पडताच काहींनी ‘सुटलो एकदाचे’ म्हटलं, तर काहींनी ‘आता मौजमजेचंही वेळापत्रक आखायचं का’ म्हणून तुमच्या गेस्ट सर्व्हिसच्या टीमला धारेवर धरलं. वरिष्ठ म्हणतात, नव्या गोष्टीला विरोध होतोच, सहा महिन्यांत सगळं निवळेल. हे खरं आहे का, आणि तोवर काउंटरवरच्या मुलांनी लोकांना काय सांगायचं?

मी अठरा वर्षं राइड ऑपरेशन्समध्ये आहे. अशी पद्धत दोन वेगवेगळ्या पार्कांत सुरू होताना पाहिली आहे, एकदा राइडच्या तोंडाशी उभं राहून आणि एकदा कंट्रोल रूममधून. त्या अनुभवावरून सांगते: विरोधाचा एक भाग नक्की निवळतो, त्याला सहा महिनेही लागत नाहीत. दुसरा भाग मात्र पद्धत जुनी होईल तसा वाढत जातो. तुमचे वरिष्ठ दोन्हींना एकाच मापाने मोजताहेत.

निवळणारा भाग म्हणजे गोंधळ. ॲप उघडत नाही, घरातल्या सगळ्यांची तिकिटं एका खात्यात जोडता येत नाहीत, दोनची वेळ घेतली ती कुठल्या राइडची तेच आठवत नाही. हे त्रासाचं असतं, पण दुसऱ्या भेटीत माणूस शिकतो आणि तुमची मुलंही शिकतात. वाढणारा भाग अन्यायाच्या भावनेचा आहे. ती कुठून येते हे कळायला थोडा हिशेब मांडावा लागेल.

समजा, तुमच्या एका राइडवरून तासाला १२०० माणसं जातात. बुकिंग आणलं म्हणून हा आकडा एकानेही वाढत नाही. गाड्या तेवढ्याच, सीटा तेवढ्याच, बेल्ट तपासायला लागणारे सेकंदही तेवढेच. आता त्यातल्या ९०० जागा बुकिंगवाल्यांना दिल्या तर खुल्या रांगेसाठी ३०० उरतात. रांगेत २०० माणसं उभी असतील तर पूर्वी शेवटच्या माणसाचा नंबर १० मिनिटांत लागायचा. आता त्याच २०० माणसांच्या रांगेत त्याला ४० मिनिटं लागतात. बाहेरून बघणाऱ्याला रांग छोटीच दिसते, ‘चला, पटकन होईल’ म्हणून तो शिरतो आणि आत गेल्यावर त्याला कळतं की रांग जागची हलत नाहीये. मोठी पण सरकणारी रांग लोक सोसतात. छोटी पण थांबलेली रांग त्यांना फसवणूक वाटते, आणि मला त्यात त्यांचं काही चुकतंय असं वाटत नाही.

दुसरी गोष्ट अशी की बुकिंगमुळे रांगेतून मोकळी झालेली माणसं हवेत विरत नाहीत. ती वाटांवर येतात, खाण्याच्या काउंटरवर येतात, नाहीतर शेजारच्या लहान राइडच्या रांगेत उभी राहतात. पूर्वी पाच मिनिटांत होणाऱ्या राइडला आता वीस मिनिटं लागतात. मग पार्कात ज्याने बुकिंगचा विचारही केला नव्हता, त्याचा दिवसही बदलतो. पुढे या पद्धतीत सगळ्याच राइड्स घालायचा मोह होईल, तेव्हा हे आठवा. जिथे मुळात रांगच नसते तिथे बुकिंग ठेवलं की लोक ‘मिळतंय तर घेऊ’ म्हणून घेतात आणि नव्याने रांग तयार होते. पाच राइड्सवर थांबण्याचा तुमचा निर्णय चांगला आहे. तो टिकवा.

आता जिथे हा सगळा राग डोळ्यांना दिसतो त्या जागेबद्दल. राखीव वेळवाल्यांची वाट आणि खुली रांग जिथे एकत्र येतात, त्याला आम्ही मर्ज पॉइंट म्हणतो. तिथे एक मुलगा किंवा मुलगी उभी असते आणि हाताने खूण करते: या बाजूचे इतके सोडा, आता त्या बाजूचे इतके. मी पहिल्या पार्कात तीन महिने त्या जागी उभी होते. खुल्या रांगेतला माणूस पन्नास मिनिटं थांबून तिथे पोचलेला असतो. ‘आलाच आपला नंबर’ म्हणून मुलाला कडेवरून खाली उतरवतो. आणि तेवढ्यात बाजूच्या वाटेने हसत-बोलत वीस माणसं येतात आणि त्याच्या देखत आत जातात. त्या वेळी तो पन्नास मिनिटांबद्दल बोलत नाही. तो म्हणतो, ‘हे आत्ता आले ना?’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की वाट पाहण्याचा त्रास आणि डावललं गेल्याचा त्रास या वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तिथेच पटलं.

हे अभ्यासातही आहे. सेवा-व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. कारण न कळलेली वाट, किती वेळ हे माहीत नसलेली वाट आणि अन्यायाची वाटणारी वाट, या तिन्ही प्रत्यक्षाहून लांब वाटतात, असं त्यांनी मांडलं. एमआयटीचे रिचर्ड लार्सन यांनी १९८७ मध्ये रांगेतल्या सामाजिक न्यायावर लिहिलं, त्यात मागून येऊन पुढे जाणारा आणि त्याच्यामुळे मागे पडणारा अशा दोघांचा विचार आहे. आगाऊ बुकिंग म्हणजे हे पुढे-मागे जाणं व्यवस्थेने स्वतः घडवून आणणं. ते नियमाने होतं, पण मर्ज पॉइंटवर उभ्या माणसाला नियम दिसत नाही, त्याला फक्त पाठ दिसते.

यावर आम्ही केलेले दोन उपाय खरंच उपयोगी पडले. एक, मर्ज पॉइंट शक्य तितका मागे नेला. रांगेच्या अगदी शेवटी, गाडीत बसायच्या पाच पावलं आधी दोन वाटा मिळाल्या तर डोळ्यांसमोर घास काढून घेतल्यासारखं होतं. तोच संगम इमारतीत शिरण्याच्या आधी झाला, तर एकदा आत गेल्यावर सगळे एकाच रांगेत असतात आणि कोणी ओलांडून जात नाही. वेळेत फरक काहीच पडला नाही, पण भांडणं स्पष्टपणे कमी झाली. दुसरा उपाय, वीस-वीस माणसांचे लोंढे सोडणं बंद केलं आणि लहान-लहान गट आलटून-पालटून सोडायला लागलो. प्रमाण तेच, पण खुली रांग दर मिनिटाला चार पावलं तरी पुढे सरकायची. तुमच्या इमारतींची रचना मला माहीत नाही. कदाचित भिंती हलवणं शक्य नसेल. गट लहान करायला मात्र पैसे लागत नाहीत.

बुकिंग किती आधी करू द्यायचं हा तुमच्या प्रश्नात नसलेला मुद्दा आहे, पण लोकांच्या प्रतिक्रियेचा मोठा भाग त्यावर ठरतो. डिस्नीने १९९९ मध्ये फास्टपास सुरू केला तेव्हा तो कागदी होता. राइडजवळच्या मशीनमध्ये आपलं तिकीट घालायचं, परत येण्याची वेळ छापलेली चिठ्ठी घ्यायची, आणि त्या वेळेत छोट्या रांगेने जायचं. त्यासाठी वेगळे पैसे नव्हते. त्यातही जाणते लोक जास्त चिठ्ठ्या मिळवायचे, पण स्पर्धा पार्कात शिरल्यावरच सुरू व्हायची. पुढे फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये २०१३-१४ मध्ये फास्टपास प्लस आला. डिस्नीच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना ६० दिवस आधी आणि इतरांना ३० दिवस आधी, दिवसाला तीन राइड्सच्या वेळा राखता येऊ लागल्या. तेही फुकटच होतं. तरीही लोकांत सरळ दोन तट पडले.

एक तट मनापासून खूश होता. लहान मुलांचे आईवडील, आयुष्यात एकदाच एवढा लांबचा प्रवास करणारे, अनिश्चिततेनेच धास्तावणारे लोक. त्यांना सहल सुरू होण्याआधीच दिलासा मिळाला: काहीही झालं तरी या तीन राइड्स आपल्याला मिळणार. तुमच्याकडे ‘सुटलो’ म्हणणारे लोक हेच असणार, आणि त्यांचा आनंद खरा आहे. दुसऱ्या तटाचं म्हणणं होतं की दोन महिन्यांनंतरच्या एका दुपारी तीन वाजता आपल्याला काय करावंसं वाटेल हे आज कसं सांगायचं? मुलं झोपतील का, पाऊस पडेल का, आधीच्या राइडने कोणाला मळमळेल का? शिवाय ज्यांना ही पद्धत माहीतच नव्हती ते दारात पोचेपर्यंत सर्वांत गाजलेल्या राइड्सच्या वेळा संपलेल्या असायच्या. तिकीट दोघांनी सारखंच काढलं, पण एकाला घरी बसून करायचा अभ्यास माहीत होता आणि दुसऱ्याला नव्हता.

टोकियोच्या डिस्नी पार्कांत २०२३ मध्ये जे सुरू झालं ते मला या बाबतीत जास्त विचार करून केलेलं वाटतं. तिथे जुना फास्टपास २०२० मध्ये थांबला. २०२२ मध्ये पैसे भरून घ्यायचा डिस्ने प्रीमियर ॲक्सेस आला आणि २०२३ मध्ये तिथल्या डिस्नी रिसॉर्टच्या चाळिसाव्या वर्षाच्या निमित्ताने विनाशुल्क प्रायॉरिटी पासही सुरू झाला. दोन्ही पार्कात शिरल्यावरच ॲपवर घेता यायचे. म्हणजे महिनाभर आधीच्या तयारीचा फायदा नाही, सगळ्यांची शर्यत दारापासून. अर्थात पहाटे उठून दाराशी येऊ शकणाऱ्याला तिथेही झुकतं माप मिळतं. संपूर्ण समान अशी पद्धत मी अजून पाहिलेली नाही.

तुमच्याकडे हे कसं असावं ते तुमच्या गर्दीवर अवलंबून आहे. बहुतेक लोक लांबून, सुट्टी आखून येत असतील तर थोडं आगाऊ बुकिंग त्यांना हवंच असतं. बहुतेक आसपासचे, सकाळी उठून ‘जाऊ या का?’ म्हणणारे असतील, तर महिनाभर आधीचं बुकिंग त्यांना दार बंद केल्यासारखं वाटेल. वार्षिक पासवाले ही तिसरीच मंडळी. ती सर्वांत लवकर सगळं शिकतात, सर्वांत जास्त वेळा राखतात आणि सर्वांत जास्त वेळा येतही नाहीत. दोन्ही प्रकारचे लोक येत असतील तर वेळा दोन भागांत सोडा: काही आठवडाभर आधी आणि काही त्या-त्या दिवशी. आम्ही राखीव जागांपैकी एक तृतीयांश त्या दिवसासाठी ठेवत होतो आणि त्यातल्याही निम्म्या दुपारी सोडायचो, उशिरा येणाऱ्यांसाठी. हा आकडा वेद समजू नका, तुमच्या दोन महिन्यांच्या आकड्यांवरून तो बदला. पण शून्य ठेवू नका.

फक्त बुकिंग, खुली रांगच नाही, असा प्रस्ताव कधी आला तर विरोध करा. फ्लोरिडात २०१७ मध्ये व्होल्कॅनो बे हे वॉटर पार्क उघडलं, ते रांगा नसण्याच्या कल्पनेवरच. हातात पट्टा, घसरगुंडीपाशी पट्टा टेकवायचा, आपली वेळ आली की पट्टा सांगणार. सुरुवातीच्या गर्दीच्या दिवसांत मोठ्या घसरगुंड्यांची वाट काही तासांवर गेली आणि एका वेळी एकाच ठिकाणी नंबर लावता येत असल्यामुळे लोक नाराज झाले. रांगेत उभं न राहणं म्हणजे वाट न पाहणं नव्हे, हे त्यांना तिथे समजलं. डिस्नीच्या हॉलिवुड स्टुडिओजमध्ये डिसेंबर २०१९ मध्ये ‘राइझ ऑफ द रेझिस्टन्स’ ही राइड सुरू झाली, तेव्हा आधी फोनवरून गट क्रमांक घेणं सक्तीचं होतं. दिवसभराचे क्रमांक सकाळीच, काही मिनिटांत संपायचे. ज्याला मिळाला नाही त्याच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. तासभर उभं राहायची तयारी असलेल्यालाही ‘आज नाही’ असंच उत्तर. तिथे २०२१ च्या सप्टेंबरमध्ये साधी रांग सुरू झाली. खुली रांग कितीही हळू असली तरी ती माणसाच्या हातातला एक निर्णय असते: थांबायचं की निघायचं. तो निर्णय त्याच्याकडून घेऊ नका.

पैशांचा मुद्दा. तुमचं बुकिंग सध्या विनाशुल्क आहे असं तुम्ही लिहिलंय, पण ‘सध्या’ हा शब्द तुमचे गेस्टही वाचतात. फ्लोरिडात १९ ऑक्टोबर २०२१ ला जिनी प्लस, म्हणजे फास्टपासच्या जागी आलेलं डिस्नीचं पैसे भरून करायचं बुकिंग, माणशी १५ डॉलरना सुरू झालं, तेव्हा वीसेक वर्षं फुकट मिळालेली गोष्ट विकत घ्यावी लागली याचा राग बराच काळ टिकला. २०२४ च्या जुलैमध्ये त्याचं नाव आणि रूप बदललं, वेळा पुन्हा आधी राखता येऊ लागल्या: डिस्नीच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस, इतरांना तीन दिवस आधी. घरी बसून आखण्याची ओढाताण परतली, पण सकाळी सात वाजता फोनवर तुटून पडणं कमी झालं म्हणून बऱ्याच जणांनी हा बदल बरा मानला. पैसे आले की लोकांच्या वागण्यात एक फरक पडतो. पैसे भरणारा प्रत्येक मिनिट रकमेशी ताडून बघतो आणि न भरणाऱ्याच्या मनात शंका येते की खुली रांग मुद्दाम हळू ठेवली आहे. ती शंका एकदा बसली की काउंटरवरचं कुठलंच वाक्य ती काढू शकत नाही. पुढे शुल्क लावायचा विचार असेल तर बुकिंगचं प्रमाण आजच ठरवून जाहीर करा, म्हणजे पैसे आले तरी ते वाढलं नाही हे दाखवता येईल.

राइड बंद पडते तेव्हाचं मात्र सविस्तर सांगते, कारण सर्वांत वाईट दिवस मी त्यातच पाहिले. वरचाच हिशेब घ्या: तासाला १२००, त्यात ९०० राखीव. राइड तासभर बंद. त्या तासातले ९०० लोक परत आल्यावर ‘तुम्ही दिवसभरात केव्हाही या’ असं आम्ही उदारपणे सांगायचो. समजा ते पुढच्या तीन तासांत समान येतात, म्हणजे तासाला ३०० जास्त. नेहमीचे ९०० आणि हे ३०० मिळून १२०० झाले. खुल्या रांगेसाठी बरोबर शून्य. एका शनिवारी खुली रांग खरोखर अडीच तास जागची हलली नाही आणि बाहेरच्या फलकावर ‘५० मिनिटं’ लिहिलेलं होतं. एक आजी नातवाला घेऊन उभ्या होत्या. मी त्यांना बाहेर काढून राइडला नेलं, पण त्यांच्या मागे असलेल्या दीडशे लोकांना मी काय देणार होते? त्यानंतर आम्ही नियम बदलला. बंद काळातल्या लोकांना ठरावीक दुसऱ्या राइड्सवर चालणारा पास दिला आणि त्याच राइडवर यायचं असेल तर शेवटच्या दोन तासांत बोलावलं. राखीव वेळ घेतलेला माणूस ती वेळ आपली मालमत्ता मानतो, ती गेली की हिरमुसतो, हे बरोबरच आहे. पण त्याची भरपाई खुल्या रांगेतल्या माणसाच्या खिशातून करायची नाही.

काउंटरवरच्या मुलांनी काय बोलावं, याबद्दल. ‘या पद्धतीमुळे सगळ्यांचा वेळ वाचतो’ हे वाक्य त्यांच्या तोंडी देऊ नका. ते खरं नाही आणि चाळीस मिनिटं थांबलेल्या माणसाला ते लगेच कळतं. आमच्याकडे चाललेलं वाक्य साधारण असं होतं: ‘या राइडच्या निम्म्या जागा आधी वेळ घेतलेल्यांना आहेत, निम्म्या या रांगेला. आत्ता तुम्हाला साधारण पस्तीस मिनिटं लागतील. आजच्या वेळा दुपारी एकला पुन्हा उघडतील, हव्या असतील तर मी दाखवते.’ यात कारण आहे, वेळ आहे आणि एक पर्याय आहे. ज्यांच्याकडे फोन नाही किंवा ज्यांना ॲप जमत नाही त्यांच्यासाठी तीच वेळ काउंटरवर काढून द्यायची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. वयस्कर लोकांची नाराजी बहुतेकदा रांगेची नसते, आपल्याला यातून वगळलं याची असते.

निम्मं-निम्मं का म्हणते? कारण ७५ टक्क्यांवर रांग चौपट हळू होते, ५० टक्क्यांवर दुप्पट. दुप्पट लोक सोसतात असा माझा अनुभव आहे, चौपट नाही. तुमची राइड तासाला १२०० ऐवजी ६०० माणसं नेणारी असेल तर मी ५० टक्क्यांच्याही खाली राहीन.

आणि वरिष्ठांना समाधानाचे आकडे दाखवताना एक काळजी घ्या. बहुतेक पार्क ॲपमधूनच सर्व्हे पाठवतात आणि तो बुकिंग केलेल्यांनाच जातो. वेळ मिळालेला माणूस खूशच असतो, त्यामुळे आकडे सुंदर येतात आणि सहा महिन्यांत सगळं निवळलं असा अहवाल तयार होतो. तुम्ही खुल्या रांगेतून बाहेर पडणाऱ्यांना वेगळं विचारा, तेही राइडच्या बाहेर उभं राहून, तीनच प्रश्न: किती वेळ सांगितला होता, किती लागला, आणि कोणी तुमच्या पुढे का गेलं हे तुम्हाला कळलं का. आम्ही हे सुरू केलं तेव्हा तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारेच सर्वांत चिडलेले होते. त्यांच्यातले बरेच जण खरं तर अर्ध्या तासाच्या आतच राइडवर पोचले होते.